मागे उभे असलेले आवाज

सॅम कुकचं 'यू सेंड मी' तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणार. नसेल तर आधी ते ऐका. तीन मिनिटांचंही गाणं नाही. पहिल्या खेपेला कान सॅमच्या आवाजाकडे जाणार, आणि जाऊ दे. तो आवाज आहेच तसा. पण दुसऱ्यांदा लावाल तेव्हा सॅमला सोडून द्या आणि त्याच्या मागे कोण गातंय तेवढंच ऐका. मऊ, गुळगुळीत, बेतशीर आवाज आहेत. मुख्य गायकाला कुठेही धक्का न लावणारे, त्याने थांबावं म्हणून न थांबणारे आणि त्याने पुढे जावं म्हणून न ढकलणारे. हॉटेलच्या लॉबीत असतं तसं फर्निचर.

हे रेकॉर्डिंग जून 1957 मधलं, लॉस एंजेलिसमधलं. त्याआधीची सहा वर्षं सॅम कुक 'सोल स्टिरर्स' या गॉस्पेल क्वार्टेटचा मुख्य गायक होता. पण मागे गातायत ते सोल स्टिरर्स नव्हेत. तो आहे ली गॉच सिंगर्स नावाचा, गोऱ्या गायकांचा स्टुडिओ-कोरस. स्पेशॅल्टी या रेकॉर्ड कंपनीचा मालक आर्ट रूप रेकॉर्डिंग चालू असताना आत आला, हा कोरस पाहून भडकला, आणि भांडण इतकं वाढलं की निर्माता बम्प्स ब्लॅकवेल आणि सॅम दोघेही कंपनीबाहेर पडले. जाताना ध्वनिमुद्रणं बरोबर घेऊन गेले. कीन नावाच्या नव्या कंपनीने गाणं बाजारात आणलं आणि ते पॉप आणि रिदम अँड ब्लूज अशा दोन्ही यादींत पहिल्या क्रमांकावर पोचलं. तेव्हापासून आर्ट रूप हा संगीताच्या इतिहासातला एक विनोद झाला आहे: हातातलं सोनं फेकून देणारा दुकानदार.

धंदा त्याला कळला नाही, कबूल. पण कान त्याचा बरोबर होता असं मला वाटतं. त्या गाण्यात काहीतरी काढून घेतलेलं आहे, आणि जे काढलंय ते सॅमच्या गळ्यातून नाही, त्याच्या पाठीमागून.

गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज यांच्या नात्याची एक ठरलेली गोष्ट आहे. माहितीपटात, चरित्रात, यूट्यूबवरच्या व्हिडिओत सगळीकडे तीच. चर्चमध्ये वाढलेला एक गुणी मुलगा किंवा मुलगी. वडील बहुतेक वेळा पाद्री. एके दिवशी तो देवाच्या गाण्यातला देव काढतो, तिथे प्रेयसी बसवतो, मंडळी शाप देतात, रेकॉर्ड खपते. सॅम कुकची गोष्ट अशीच सांगतात, रे चार्ल्सची अशीच, आणि थोड्या फरकाने अरीथा फ्रँकलिनची. या गोष्टीत खोटं फारसं नाही. 'लव्हेबल' हे सॅमचं पहिलं ऐहिक गाणं खरोखरच सोल स्टिरर्सच्या 'वंडरफुल'वर बेतलेलं होतं, आणि गॉस्पेलचे श्रोते दुखावू नयेत म्हणून ते डेल कुक या नावाने काढलं होतं. (आवाज इतका ओळखीचा होता की कोणीही फसलं नाही.) माझा आक्षेप वेगळा आहे. ही गोष्ट एका माणसाची आहे. गॉस्पेलमधून रिदम अँड ब्लूजकडे जे गेलं ते एका माणसाचं नव्हतं, ती चार-पाच जणांनी मिळून चालवलेली एक यंत्रणा होती. तिचं काय झालं, हे ती गोष्ट विचारतच नाही.

तेव्हा आधी यंत्रणा.

क्वार्टेटला मराठीत चौकडी म्हणावं, तर आपल्याकडे चौकडी म्हटलं की कारस्थान आठवतं, म्हणून क्वार्टेटच म्हणू. चार पट्ट्या: सर्वांत वरचा टेनर, त्याखाली मुख्य आवाज, मग बॅरिटोन, आणि तळाशी खर्जातला बास. शाहिरामागचे झीलकरी किंवा भजनातले टाळकरी आपल्याला माहीत असतात; ते बुवांनी म्हटलेली ओळ त्याच सुरावलीत उचलतात. इथे तसं नाही. एकच शब्द चौघे जण एकाच क्षणी चार वेगळ्या सुरांवर म्हणतात आणि त्या चार सुरांचा मिळून एक पाचवाच रंग तयार होतो. आपले कान एका सुरेल ओळीचा माग काढायला तयार झालेले असल्यामुळे हे पहिल्यांदा नुसतं 'भरीव' वाटतं. ते सुटं करून ऐकायला थोडा वेळ लागतो. माझ्यापुरती युक्ती अशी: हेडफोन लावायचे आणि फक्त बास ऐकायचा. खालून वर चढत गेलं की बाकीचे आपोआप सापडतात.

वाद्यं नसत. 1930 च्या दशकातल्या बहुतेक क्वार्टेट्सकडे गळे, टाळ्या, मांडीवर मारलेली थाप आणि बुटांचे तळवे एवढंच सामान होतं. व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या गोल्डन गेट क्वार्टेटने 1937 मध्ये गळ्यांतून आख्खी आगगाडी चालवून दाखवली, शिट्टीसकट. पिलग्रिम ट्रॅव्हलर्स या मंडळींचा पाय इतका पक्का तालात पडायचा की स्पेशॅल्टीने त्यांच्या पायांसाठी वेगळा मायक्रोफोन लावला. अलाबामात बर्मिंगहॅम आणि बेसेमरच्या आसपास तर कोळशाच्या खाणीत आणि पोलादाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची क्वार्टेट्स होती. प्रत्येक पट्टी वेगळी शिकवणारे शिक्षक असत, आणि एका वस्तीतली मंडळी दुसऱ्या वस्तीतल्या मंडळींशी स्पर्धा करत. हे मुद्दाम सांगते, कारण 'चर्चमधून आलेला आवाज' म्हटलं की कायम काहीतरी उत्स्फूर्त, रक्तातलं, नैसर्गिक असल्याचं सुचवलं जातं. खाणीतली पाळी संपवून आलेला माणूस रात्री बॅरिटोनची पट्टी घोटत बसतो, याला नैसर्गिक म्हणणं हा त्याच्या मेहनतीचा अपमान आहे.

आता एक अडचण. मागच्यांची बाजू मांडायची तर ते मागे कधी गेले हेही सांगायला हवं, आणि ते रिदम अँड ब्लूजमध्ये झालं नाही. ते चर्चमध्येच झालं.

जुन्या जुबिली शैलीत चौघांचं वजन जवळजवळ सारखं होतं; गोल्डन गेटमध्येही निवेदन करणारा आवाज पुढे असला तरी बाकीचे त्याच्या बरोबरीने धावत असतात. सोल स्टिरर्स हा टेक्सासमधल्या ट्रिनिटी गावचा गट. एस. रॉय क्रेनने 1926 मध्ये सुरू केलेला. त्यात 1930 च्या दशकात आर. एच. हॅरिस आला आणि मांडणी बदलली. हॅरिसला एकच मुख्य गायक पुरेसा वाटेना. त्याने दोन ठेवले: एकाने गाणं तापवायचं, योग्य क्षणी दुसऱ्याच्या हाती द्यायचं. पण मुख्य गायक पट्टी सोडून मोकळा फिरायला लागला तर चार आवाजांतला एक कमी पडणार. म्हणून पाचवा माणूस आला. तेव्हापासून क्वार्टेटमध्ये पाच-सहा जण असतात तरी नाव क्वार्टेटच. पुढचा गायक आता लयीच्या मागेपुढे सरकू लागला, शब्द ताणू लागला, मनाला येईल ते बोलू लागला. हे त्याला शक्य झालं ते केवळ मागचे चौघे जागेवरून हलत नव्हते म्हणून.

याचा कळस म्हणजे गाण्याच्या शेवटी येणारा 'ड्राइव्ह'. सुरावट पुढे जायची थांबते. मागचे चौघे एकच छोटा तुकडा धरतात आणि तो पुन्हा पुन्हा म्हणत राहतात, दर फेरीला किंचित जोर वाढवत. पुढचा त्यावर ओरडतो, रडतो, प्रवचन करतो, गुडघ्यावर बसतो. मूळ गाणं केव्हाच संपलेलं असतं. किती वेळ चालणार हे समोरच्या बायकांना किती चढलंय यावर ठरतं.

सोल आणि फंकचं मूळ शोधायचं असेल तर ते या ड्राइव्हमध्ये आहे. देवाच्या जागी प्रेयसी बसवण्यात नाही.

22 जुलै 1955 रोजी लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये झालेला गॉस्पेलचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झालेला आहे आणि आज तो सहज ऐकायला मिळतो. सोल स्टिरर्सची तीन गाणी त्यात आहेत. सॅम तेव्हा 24 वर्षांचा. 'बी विथ मी जीझस'मध्ये दुसरा मुख्य गायक पॉल फॉस्टर त्याच्याबरोबर आहे: सॅम रेशमी, फॉस्टर घोगरा, खरवडणारा. फॉस्टर भिंतीला धडका मारतो आणि सॅम त्याच भिंतीतल्या दारातून अलगद आत शिरतो. मग 'निअरर टू दी' येतं, आठ मिनिटांहून लांब. रेकॉर्डच्या एका बाजूवर तेव्हा साधारण तीन मिनिटं मावायची, म्हणजे दुकानात विकत मिळणारे सोल स्टिरर्स आणि सभागृहात ऐकू येणारे सोल स्टिरर्स हे दोन वेगळे प्राणी होते. इथे सॅम घाईत नाही. एकेक कडवं गोष्टीसारखं सांगतो, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी मागचे त्याला उचलून पुन्हा सुरुवातीला आणून ठेवतात. क्रेन, बॅरिटोन आर. बी. रॉबिन्सन, बास जे. जे. फार्ली. त्यांचा तुकडा बदलत नाही, दाब बदलतो. श्रोत्यांमधून किंकाळ्या येऊ लागतात तेव्हा सॅम आवाज चढवत नाही, उलट कमी करतो, कारण चढवायचं काम मागे चालू आहे हे त्याला माहीत आहे. त्याची ती प्रसिद्ध सहजता ही पाच माणसांची मिळून कमाई आहे.

हे ऐकून मग 'यू सेंड मी'कडे परत या. तीच गळ्यातली लाडिक हेलकावणारी जागा, तीच सहजता. मागे मात्र कोणीही भार उचलत नाही. सॅम इतका मोठा गायक आहे की तो एकट्याने ते पेलतो, आणि म्हणूनच आपल्या लक्षात येत नाही. पण आठ मिनिटं ते पेललं नसतं.

या सगळ्यामागे बाजार कसा होता तेही थोडक्यात सांगायला हवं. 'रिदम अँड ब्लूज' हे नाव 1949 मध्ये बिलबोर्ड साप्ताहिकाने 'रेस रेकॉर्ड्स' या जुन्या, लाज आणणाऱ्या नावाच्या जागी आणलं. ते सुचवलं जेरी वेक्सलरने. संगीतप्रकारापेक्षा ते गिऱ्हाइकाचं नाव होतं. कृष्णवर्णीय माणसं जे विकत घेतात ते. त्यामुळे फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ मिसिसिपीचं 'अवर फादर' ही चक्क प्रार्थना त्या यादीत जाऊन बसली. दुकानं तर एकच होती. सोल स्टिरर्स आणि लिटल रिचर्ड दोघेही स्पेशॅल्टीचे. ब्लाइंड बॉइज आणि 'हाउंड डॉग' गाणारी बिग मामा थॉर्नटन दोघेही ह्यूस्टनच्या पीकॉकचे. पीकॉकचा मालक डॉन रोबी गाण्यांवर गीतकार म्हणून डेड्रिक मालोन हे नाव टाकायचा. हा मालोन म्हणजे रोबी स्वतःच. चर्च आणि बाजार यांच्यातली भिंत गायकाला ओलांडावी लागत होती. मालकाच्या हिशेबाच्या वहीत ती नव्हतीच.

मग ही यंत्रणा पलीकडे नेली कोणी? नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचा रॉयल सन्स क्विंटेट हा गॉस्पेल गट सगळाच्या सगळा उठून 'फाइव्ह रॉयल्स' झाला आणि 1953 मध्ये 'बेबी डोन्ट डू इट' पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवलं. एकटा नायक नाही, सबंध गट. त्यांचं 1957 मधलं 'थिंक' ऐका. लोमन पॉलिंगची गिटार गाण्याच्या मध्ये अशी काही घुसते की वाटतं पाचव्या गायकाने तोंड उघडलं. त्यांच्यावर एकही सिनेमा नाही, आणि तसं बघितलं तर का नाही हे उघड आहे: चर्च सोडताना कोणीच एकटं नव्हतं, मग नाट्य कुठलं?

रे चार्ल्सने 1954 च्या नोव्हेंबरमध्ये अटलांटातल्या एका रेडिओ स्टेशनवर 'आय गॉट अ वुमन' रेकॉर्ड केलं. त्याला आधार होता सदर्न टोन्स या गॉस्पेल गटाच्या 'इट मस्ट बी जीझस'चा. ही दोन गाणी लागोपाठ लावली की चाल कुठून आली हे लगेच कळतं आणि लोक तिथेच थांबतात. मला जास्त मजा वाटते ती दुसऱ्या गोष्टीची: रेच्या रेकॉर्डवर मागे कोणी गातच नाही. क्वार्टेटचं काम सॅक्सोफोन आणि ट्रंपेट करतायत. माणसं काढून त्यांच्या पट्ट्या पितळेला दिल्या. पुढे बहुतेक साऱ्या सोल संगीतात हेच झालं, आणि ते भव्य झालं हे नाकारण्यात अर्थ नाही. रेलाही मात्र माणसांची गरज पडली. 1959 च्या 'व्हॉट'ड आय से'मध्ये रेलेट्स आल्या, आणि गाण्याचा उत्तरार्ध म्हणजे निव्वळ ड्राइव्ह आहे. तो आणि त्या एकमेकांना नुसते हुंकार देत जातात. अनेक रेडिओ स्टेशनांनी ते अश्लील म्हणून वाजवलं नाही. चर्चला जाणाऱ्या माणसाला त्यात सगळ्यात जास्त काय टोचलं असेल, तर ते ओळखीचं होतं हे.

आणि जेम्स ब्राउन. त्याच्याबद्दल सांगताना कायम एकवचन वापरतात, मीही आत्ता वापरलं. पण 1956 चं 'प्लीज, प्लीज, प्लीज' नीट ऐका: ब्राउन विनवतोय, कोसळतोय, आणि मागे फेमस फ्लेम्स त्याला न थकता तेच तेच म्हणून उभं ठेवतायत. श्राइनमध्ये फार्ली आणि क्रेन जे करत होते, नेमकं तेच. फ्लेम्सचं मूळ जॉर्जियातल्या टोकोआ गावच्या बॉबी बर्डच्या गॉस्पेल गटात होतं. तुरुंगातून सुटलेल्या ब्राउनला बर्डच्या घराने आसरा दिला आणि बर्डने आपल्या गटात घेतलं. ब्राउन बर्डच्या गटात आला, बर्ड ब्राउनच्या गटात नाही. पण 1986 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्याच तुकडीत जेम्स ब्राउन आत गेला, एकटा. फेमस फ्लेम्सना घेतलं 2012 मध्ये. त्या वर्षी एक खास समिती नेमून अशा सहा 'मागच्या' गटांना एकदम आत घेण्यात आलं, स्मोकी रॉबिन्सनचे मिरॅकल्सही त्यातच. बॉबी बर्ड 2007 मध्येच गेला होता.

कोणी म्हणेल, गाण्यापुरतं बोला, मानसन्मान कोणाला मिळाला त्याने गाणं बदलत नाही. बदलतं. ज्याचं नाव लेबलवर नाही त्याला पुढच्या रेकॉर्डिंगला बोलावलंच पाहिजे असं नसतं. त्याच्या जागी स्वस्तात दुसरा येतो, गुळगुळीत येतो, मग कोणीच येत नाही. अरीथाच्या मागे गाणाऱ्या स्वीट इन्स्पिरेशन्स ऐका. त्यांची म्होरकी सिसी ह्यूस्टन ड्रिंकार्ड सिंगर्स या घरच्याच गॉस्पेल गटात तयार झालेली. अरीथा सूर टाकून देते आणि त्या हवेतल्या हवेत झेलतात. यातलं काहीही 'कोणीही' करू शकणारं नाही. 2013 च्या 'ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम' या माहितीपटाने अशा बायकांना चेहरे दिले आणि ऑस्करही मिळवलं. मला तो आवडतो, पण त्याचा सूर 'बिचाऱ्या स्टार होता होता राहिल्या' असा आहे आणि तिथे माझं त्याच्याशी पटत नाही. मागे उभं राहून चौघांत मिसळून गाणं ही स्टार न होण्याची भरपाई नाही. ती वेगळी कला आहे, आणि पुष्कळ स्टार्सना ती जमत नाही.

समान वजनाने गाणं ऐहिक संगीतात टिकलंच नाही असंही नाही. शिकागोच्या इम्प्रेशन्सनी ते टिकवलं. कर्टिस मेफील्ड लहानपणापासून नॉर्दर्न जुबिली गॉस्पेल सिंगर्समध्ये गायलेला. 1965 च्या 'पीपल गेट रेडी'मध्ये तो, सॅम गुडन आणि फ्रेड कॅश ओळी वाटून घेतात. एक आवाज सुरू करतो, दुसरा खालून येऊन पूर्ण करतो, आणि कोण पुढे कोण मागे हा प्रश्नच उरत नाही. बॉब मार्लीच्या 'वन लव्ह'वर मेफील्डचं नाव गीतकार म्हणून दिसतं ते याच गाण्यामुळे. वेलर्सची तीन गळ्यांची वीण ऐकलीत तर नावापेक्षा मोठं देणं तिथे दिसेल.

नंतर स्टुडिओत अनेक ट्रॅक एकावर एक रचता यायला लागले आणि मागच्यांची उरलीसुरली गरजही कमी झाली. मार्विन गे 1971 च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'मध्ये स्वतःच स्वतःला उत्तर देतो. डीअँजेलोच्या 2000 मधल्या 'वूडू'मध्ये एकच माणूस आख्खं क्वार्टेट आहे: वरचा टेनर तो, बॅरिटोन तो, कुजबुज तो. दोघेही पाद्र्यांचे मुलगे. 'वूडू' मला जवळजवळ पाठ आहे, त्यामुळे हे तक्रार म्हणून म्हणत नाही. त्या रचलेल्या आवाजांत एक विलक्षण एकांत आहे आणि तो त्या अल्बमला शोभतो. पण एक गोष्ट तिथे कधीच होत नाही. मागचा आवाज पुढच्याला अनपेक्षित ठिकाणी ढकलत नाही. स्वतःला स्वतः कसं ढकलणार?

सॅम कुकला हे कळलं होतं असं मला वाटतं, कारण पुढची वर्षं तो ती जागा परत भरायला धडपडताना दिसतो. त्याने जे. डब्ल्यू. अलेक्झांडर आणि क्रेन यांच्यासह एसएआर ही स्वतःची कंपनी काढली. सॅम, अलेक्स, रॉय या तिघांची आद्याक्षरं. सोल स्टिरर्सना तिथे घेतलं. तेव्हा सॅमच्या जुन्या जागेवर जॉनी टेलर गात होता, आणि पुढे तोही 'हूज मेकिंग लव्ह' गात पलीकडे गेला. 1962 च्या 'ब्रिंग इट ऑन होम टू मी'मध्ये सॅमने मागे कोरस न ठेवता एक माणूस ठेवला: पिलग्रिम ट्रॅव्हलर्समध्ये गायलेला लू रॉल्स. रेकॉर्डवर त्याचं नाव नाही. पण कडव्याच्या शेवटी सॅम हाक टाकतो आणि रॉल्स खालून भरदार होकार देतो तेव्हा पाच वर्षांनी पहिल्यांदा सॅमला कोणीतरी टेकू दिल्यासारखं वाटतं.

आणि मग 12 जानेवारी 1963, मायामीचा हार्लेम स्क्वेअर क्लब. आरसीए कंपनीने हा कार्यक्रम रेकॉर्ड केला, ऐकला, आणि गोऱ्या घरांत विकायला फारच कच्चा म्हणून ठेवून दिला. तो बाहेर आला 1985 मध्ये, सॅमला जाऊन 20 वर्षं उलटल्यावर. इथे सॅमचा आवाज खरवडलेला आहे, कुठे कुठे पॉल फॉस्टरसारखा. 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' येतं. रॉल्स नाही, सोल स्टिरर्स नाहीत. सॅम हाक टाकतो आणि होकार देतो तो सगळा क्लब. शनिवारची रात्र, दारू प्यायलेले लोक, आणि ते बरोबर त्याच जागी येतायत जिथे रॉबिन्सन आणि फार्ली यायचे. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, असं म्हणवत नाही. दर रविवारी शिकवलं होतं.

'डिक्सी हमिंगबर्ड्स' हा साउथ कॅरोलायनातला गट 1928 पासूनचा. त्यांचा मुख्य गायक आयरा टकर 13 व्या वर्षी आला आणि आयुष्यभर राहिला. पलीकडे कधी गेला नाही, गॉस्पेलच गायला. 1973 मध्ये पॉल सायमनने 'लव्ह्ज मी लाइक अ रॉक' रेकॉर्ड केलं तेव्हा मागे त्यांना बोलावलं. गाणं खूप गाजलं, आणि त्यात जी काही उसळी आहे ती सगळी मागून येते. सायमन बिचारा वर तरंगत राहतो. त्याच वर्षी हमिंगबर्ड्सनी ते स्वतः गायलं, टकर पुढे. त्याला ग्रॅमी मिळालं. दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ लावा. आधी सायमनचं लावा, म्हणजे दुसऱ्यात टकर तोंड उघडेल तेव्हा पहिल्या गाण्यात तो कुठे उभा होता ते ऐकू येईल.